अ‍ॅडलेड क्रोजच्या मुलींची फायनल – कोण कोण बघतंय?

टोरेन्सकाठ | २८ मार्च २०१९

मंडळी, क्रिकेटचे धागे इथे रोज वर असतात. आज एक धागा आमच्या गावच्या मुलींसाठी काढतेय.

येत्या रविवारी, ३१ तारखेला, अ‍ॅडलेड ओव्हलवर महिलांच्या ऑस्ट्रेलियन फुटबॉल लीगची फायनल आहे. इथे या खेळाला सगळे नुसतं 'फूटी' म्हणतात. आमच्या अ‍ॅडलेड क्रोज विरुद्ध मेलबर्नच्या कार्लटन. गेल्या आठवड्यात क्रोजने जीलाँगचा ६६ गुणांनी फडशा पाडला, तेव्हापासून आमच्या घरात दुसरा विषय नाही.

मला या खेळाचं वेड लेकीने लावलं. ती नऊ वर्षांची आहे. दोन वर्षांपूर्वी शाळेच्या मैदानावर शनिवारी सकाळी लहान मुलांना फूटी शिकवायचे, तिथे तिला नेऊन सोडायचे आणि गाडीत बसून पुस्तक वाचायचे. एक दिवस काच खाली करून बघितलं. ती चेंडू पोटाशी घट्ट धरून पळत होती, मागे चार मुलगे, आणि ती हसत होती. त्या दिवसापासून मी गाडीत बसले नाही.

ही लीग सुरू झाली फेब्रुवारी २०१७ मध्ये. पहिला सामना कार्लटन-कॉलिंगवूड, मेलबर्नच्या प्रिन्सेस पार्कवर. २४,५६८ लोक आत गेल्यावर दरवाजे बंद करावे लागले, आणि लीगचे प्रमुख बाहेर येऊन उरलेल्या लोकांची माफी मागत होते. त्याच वर्षी पहिली फायनल आमच्या क्रोजने ब्रिस्बेनविरुद्ध ६ गुणांनी जिंकली.

आमची कर्णधार एरिन फिलिप्स (चेल्सी रँडलसोबत, दोघी मिळून कर्णधार आहेत) ३३ वर्षांची, जुळ्यांची आई. तिचे वडील आमच्याच शहरातल्या दुसऱ्या क्लबचे, पोर्ट अ‍ॅडलेडचे, नावाजलेले खेळाडू. ही लहानपणी मुलग्यांच्या संघात खेळायची, आणि चांगली खेळायची. तेरा वर्षांची झाल्यावर खेळ थांबला, कारण त्यापुढे मुलींना मुलग्यांत खेळायची परवानगी नव्हती आणि मुलींसाठी वाट नव्हती. मग ती बास्केटबॉलकडे वळली, ऑलिंपिक खेळली, अमेरिकेत व्यावसायिक लीग जिंकली. आणि बत्तिशीला टेकली असताना फूटीत परत आली, ती थेट पहिल्या हंगामातली सर्वोत्तम खेळाडू ठरली.

प्रवेश मोफत आहे. आम्ही जातोय. मैदानावरून लिहीत राहीन.

---

गोदाकाठ | २८ मार्च २०१९

ताई, छान धागा. मी शाळेत छत्तीस वर्षं पीटी शिकवली, पण हा खेळ टीव्हीवर दोन मिनिटं बघितला की गोंधळतो. फुटबॉल म्हणतात आणि चेंडू हातात! थोडक्यात समजावून सांगता का? रविवारी तुमच्यासोबत बघायचं आहे.

---

टोरेन्सकाठ | २८ मार्च २०१९

सर, नक्की. मैदान क्रिकेटचंच, लंबगोल. चेंडूही लंबगोल. महिलांच्या सामन्यात एका बाजूला १६ जणी (पुरुषांत १८). दोन्ही टोकांना चार-चार खांब. मधल्या दोन उंच खांबांतून लाथेने चेंडू गेला की गोल, ६ गुण. बाजूच्या आखूड खांबांतून गेला तर १ गुण, त्याला 'बिहाइंड' म्हणतात. त्यामुळे धावफलक '१० गोल ३ बिहाइंड, एकूण ६३' असा वाचायचा.

चेंडू हातात घेऊन पळता येतं, पण साधारण दर १५ मीटरला एकदा जमिनीवर टप्पा द्यावा लागतो. लंबगोल चेंडूचा टप्पा परत हातात येणं म्हणजे काय कसब आहे ते घरी नारळ घेऊन करून बघा! हाताने फेकायचा नाही. एका तळहातावर ठेवून दुसऱ्या मुठीने ठोसा मारून पाठवायचा. आणि कुणीतरी १५ मीटरहून लांब मारलेला चेंडू हवेतच झेलला, तर खेळ थांबतो आणि झेलणारीला निवांत लाथ मारायला मिळते. तो झेल म्हणजे या खेळाचा प्राण. समोरचीच्या खांद्यावर गुडघा टेकून चढतात त्यासाठी.

---

चढाईपकड | २८ मार्च २०१९

आणि पकड? पकड कशी असते? मला तेवढंच सांग गं.

---

टोरेन्सकाठ | २८ मार्च २०१९

खांद्याच्या खाली आणि गुडघ्याच्या वर कुठेही धरून आडवं करायचं. चेंडू हातात असलेली पकडली गेली आणि तिने सुटायची संधी असून चेंडू सोडला नाही, तर चेंडू समोरच्यांना. त्या क्षणी अख्खं मैदान एका सुरात ओरडतं, "बॉऽऽल!" माझी लेक झोपेतसुद्धा ओरडते.

आमच्या एबनी मॅरिनॉफची पकड बघ. सुटका नाही.

---

चढाईपकड | २८ मार्च २०१९

बघणारच. मी कबड्डी खेळायचे, चिपळूणजवळच्या आमच्या गावात. उजवा कोपरा सांभाळायचे. चवड्याची पकड माझी. तालुक्याला दोनदा नंबर काढला. मग तेरावं लागलं, आणि एक दिवस घरात आजी म्हणाली, आता पुरे, मोठी झालीस. कुणी ओरडलं नाही, मारलं नाही. फक्त दुसऱ्या दिवसापासून संध्याकाळी मला विहिरीवर पाठवायला लागले. मैदान विहिरीच्या वाटेवरच होतं.

तू ते 'तेरा वर्षांची झाल्यावर खेळ थांबला' लिहिलंस ना, ते वाचून मी बराच वेळ तशीच बसले. मला वाटायचं हे आपल्याकडेच होतं.

---

यारातीरी | २९ मार्च २०१९

मेलबर्नहून कार्लटनवाला हजर! गेल्या वर्षी आम्ही तळाला होतो, यंदा फायनलला. तरी एक कबूल करतो. यंदा दहा संघांचे दोन गट केले, त्यात आम्ही ४ विजयांवर आमच्या गटात पहिले आलो आणि नॉर्थ मेलबर्नच्या मुली ५ जिंकूनही घरी बसल्या. हे बरोबर झालं नाही. पुढच्या वर्षी बदलायलाच हवं.

आणि आमच्या टेला हॅरिसबद्दल बोलायलाच पाहिजे. दोन आठवड्यांपूर्वी तिचा तो फोटो आला, लाथ मारून पाय पार डोक्याच्या वर गेलेला, दोन्ही पाय जमिनीपासून सुटलेले. त्याखाली लोकांनी इतकं घाणेरडं लिहिलं की तो टाकणाऱ्या टीव्ही वाहिनीने फोटोच काढून टाकला. घाण लिहिणारे तसेच, आणि फोटो गायब! लोक खवळले तेव्हा परत लावला. टेला स्पष्ट म्हणाली की हा छळ आहे. माझ्या ऑफिसात त्या आठवड्यात बायका पहिल्यांदा मोकळेपणाने आपापले अनुभव सांगत होत्या. तो फोटो मी छापून घेतलाय, मुलीच्या खोलीत लावायला.

---

चर्चगेटवाला | २९ मार्च २०१९

नॉर्थ मेलबर्नचा विषय निघालाच आहे तर मुंबईकरांसाठी एक आठवण. १७ फेब्रुवारी २०१३, ब्रेबर्न स्टेडियम, महिला विश्वचषकाची फायनल. मी होतो तिथे. ऑस्ट्रेलियाने वेस्ट इंडीजला ११४ धावांनी हरवलं, आणि ७६ चेंडूंत ७५ करून सामनावीर ठरली ती जेस कॅमेरॉन. तीच आता लग्नानंतरच्या नावाने, जेस डफिन म्हणून, नॉर्थ मेलबर्नकडून फूटी खेळते. आपल्या चर्चगेटला विश्वचषक उचललेली पोरगी तिकडे लंबगोल चेंडू झेलतेय, हे कळल्यापासून मी या लीगचे निकाल बघतो.

यारातीरी, त्या ५ विजयांवाल्यांत तीही होती. म्हणून तुमच्या मुद्द्याला +१.

---

टोरेन्सकाठ | ३१ मार्च २०१९

निघालो. ट्रेनमध्ये पाय ठेवायला जागा नाही. लेकीच्या एका गालावर निळा, एकावर लाल, नाकावर पिवळा. डब्यात तिखटमिठाच्या पुऱ्या. शेजारच्या ऑस्ट्रेलियन आजीने दोन खाल्ल्या आणि सांगितलं, ती पन्नास वर्षं पुरुषांचे सामने बघत आली आहे, मुलींचा आज पहिल्यांदाच. तिच्या सोबत नात आहे.

---

टोरेन्सकाठ | ३१ मार्च २०१९

टोरेन्स नदीवरच्या पुलावरून लिहितेय. पूल दिसतच नाही, नुसती डोकी. मी इथे भारताचे कसोटी सामने बघायला आलेय, त्याहून जास्त माणसं आज आहेत. आणि इतक्या लहान मुली मी एका ठिकाणी कधीच बघितल्या नव्हत्या. प्रत्येकीच्या काखेत चेंडू.

---

गोदाकाठ | ३१ मार्च २०१९

हेच ते मैदान ना, जिथे २००३ साली आगरकरने सहा घेतले आणि द्रविडने सामना जिंकून दिला? पहाटे उठून बघितला होता. तो जुना हाताने चालवायचा धावफलक अजून आहे का?

---

टोरेन्सकाठ | ३१ मार्च २०१९

तेच सर. १९११चा धावफलक जागच्या जागी आहे.

सुरू!

---

टोरेन्सकाठ | ३१ मार्च २०१९

मध्यंतर. क्रोज बरेच पुढे. डॅनिएल पाँटर काय खेळतेय! कमी उंचीची, पण खांबांसमोर चेंडू पडला की ही तिथे असतेच. लेकीचा आवाज बसला.

---

यारातीरी | ३१ मार्च २०१९

आम्हाला चेंडूच मिळत नाहीये. तुमच्या मुली आमच्यापेक्षा एक पाऊल आधी पोचतायत. मान्य.

---

टोरेन्सकाठ | ३१ मार्च २०१९

एरिन पडली.

---

चढाईपकड | ३१ मार्च २०१९

काय झालं? लागलं का?

---

फिजिओ_कोथरूड | ३१ मार्च २०१९

गुडघा धरलाय का?

---

टोरेन्सकाठ | ३१ मार्च २०१९

हो. स्ट्रेचर आणलंय.

---

टोरेन्सकाठ | ३१ मार्च २०१९

आता जरा लिहिता येतंय. तिसऱ्या क्वार्टरमध्ये झालं. ती पडली आणि उठली नाही. आधी कुणाला कळलं नाही, मग आमचा स्टँड गप्प होत गेला, मग पलीकडचा. तिला स्ट्रेचरवर घेतलं तेव्हा ती रडत होती. क्रोजच्या मुली जवळ गेल्याच, पण कार्लटनच्याही गेल्या. फायनल चालू आहे, स्वतः हरतायत, आणि तरी त्या समोरच्या कर्णधाराजवळ गेल्या.

आणि लोक उभे राहिले. सगळे. टाळ्या सुरू झाल्या त्या ती आत जाईपर्यंत थांबल्या नाहीत. ती आजी माझ्या शेजारी उभी होती, तिने न विचारता माझा हात धरला. लेकीने चेंडू दोन्ही हातांनी छातीशी धरला होता आणि त्याच्या शिवणीवरची दोरी नखाने ओढत होती. मला म्हणाली, "आई, आता तिला परत थांबावं लागणार?"

मला उत्तर देता आलं नाही.

---

चढाईपकड | ३१ मार्च २०१९

तिला सांग, नाही. माझ्याकडून सांग.

---

टोरेन्सकाठ | ३१ मार्च २०१९

जिंकलो! क्रोज १० गोल ३ बिहाइंड, ६३. कार्लटन २ गोल ६ बिहाइंड, १८. पाँटरचे तीन गोल. दुसरं विजेतेपद!

आणि आकडा जाहीर झाला: ५३,०३४. ऑस्ट्रेलियात फक्त महिलांचा सामना म्हणून भरलेल्या कुठल्याही सामन्याला आजवर इतके लोक आले नव्हते. आकडा पडद्यावर आला तेव्हा लोकांनी गोल झाल्यासारखा जल्लोष केला.

सामन्यातली सर्वोत्तम खेळाडू एरिन फिलिप्स. कुबड्या घेऊन आली पदक घ्यायला.

येत्या शनिवारी पाडवा आहे, आमची गुढी आजच उभी राहिली.

---

यारातीरी | ३१ मार्च २०१९

मनापासून अभिनंदन. आम्ही ४५ गुणांनी हरलो, पण आमच्या मुली एरिनजवळ गेल्या तेव्हा मला कार्लटनचा जितका अभिमान वाटला तितका एखाद्या विजयानेही वाटला नसता.

---

फिजिओ_कोथरूड | १ एप्रिल २०१९

एसीएल तुटल्याची बातमी वाचली. थोडं सविस्तर लिहिते, कारण इथे मुलींचे आईवडील आहेत.

मांडीचं हाड आणि नडगी यांना गुडघ्याच्या आत बांधून ठेवणारा हा अस्थिबंध. बहुतेक वेळा कुणी धडकलेलंही नसतं. उडीवरून उतरताना किंवा जोरात पळताना एकदम दिशा बदलताना गुडघा आत वळतो आणि तो तुटतो. शस्त्रक्रियेनंतर मैदानावर यायला नऊ महिने ते वर्ष लागतं.

मुलींमध्ये हे प्रमाण मुलग्यांपेक्षा जास्त आहे. शरीररचना हे एक कारण, पण मी रोज जे बघते ते वेगळं आहे. मुलगे पाचव्या-सहाव्या वर्षापासून झाडावरून, भिंतीवरून उड्या मारतात, पडतात, उतरायला शिकतात. मुलींना आपण "सांभाळून गं" म्हणत खाली उतरवून घेतो, आणि मग पंधराव्या वर्षी एकदम स्पर्धेत उतरवतो. माझ्याकडे मॅटवर कबड्डी खेळणाऱ्या मुली येतात, त्यांचं हेच. गुडघे थोडे वाकवून, दोन्ही पायांवर, आवाज न करता उतरायला शिकवा. मांडीच्या मागचे स्नायू बळकट करा. सरावाआधी पंधरा-वीस मिनिटांचे ठरावीक व्यायाम नेमाने केले तर अशा दुखापती बऱ्याच कमी होतात, हे अभ्यासांतून दिसलं आहे.

खेळ थांबवणं हा यावरचा उपाय नाही, हे प्रत्येक आईला मी सांगते.

---

गोदाकाठ | १ एप्रिल २०१९

फिजिओताई, हे वाचून मला माझ्या शाळेतल्या किती मुली आठवल्या. मुलग्यांना लांब उडीचा खड्डा आणि मुलींना लेझीम, अशी माझीच विभागणी असायची. उतरायला मी एकीलाही शिकवलं नाही. आता नात येते सुट्टीत, तिच्यापासून सुरुवात करतो.

---

टोरेन्सकाठ | २ एप्रिल २०१९

एक राहिलं. या मुलींपैकी बहुतेक जणी नोकरी करून खेळतात. पहिल्या वर्षी सगळ्यात खालच्या श्रेणीतल्या खेळाडूला हंगामाचे मिळून साधारण ८,५०० डॉलर मिळायचे. दिवसभर काम, संध्याकाळी सराव. गुडघा तुटला की नोकरीतही घरी बसायचं. ५३ हजार लोक येतात हे दिसल्यावर आता पैशाचं बोलणं टाळता येणार नाही.

---

यारातीरी | ८ मार्च २०२०

धागा वर काढतोय, कारण आज तो ५३,०३४चा आकडा मोडला, आणि मोडणाऱ्यांत मी होतो. एमसीजी, महिला टी-२० विश्वचषकाची फायनल, भारत-ऑस्ट्रेलिया, ८६,१७४ लोक. आपण ८५ धावांनी हरलो. सांगलीची स्मृती लवकर बाद झाली तेव्हा माझ्या मागे निळ्या कपड्यातला एक छोटा मुलगा ढसाढसा रडत होता. मुलींच्या सामन्यासाठी मुलगा रडताना मी पहिल्यांदा बघितला.

---

टोरेन्सकाठ | २४ मार्च २०२०

इथला हंगाम कोविडमुळे अर्ध्यावर बंद. यंदा विजेता कुणीच नाही. सगळे घरात, काळजी घ्या. लेक अंगणात कुंपणावर चेंडू मारत असते.

---

टोरेन्सकाठ | १७ एप्रिल २०२१

हरलो. ओव्हलवरच, ब्रिस्बेन ३८, आपण २०. एरिन परत आली आहे, खेळली. पण चेल्सी रँडल नव्हती. मागच्या सामन्यात डोक्याला मार लागला, आणि डोक्याच्या दुखापतीनंतर १२ दिवस खेळायचं नाही असा नियम आहे. फायनल त्या १२ दिवसांत आली. कर्णधार बाहेर बसून पाणी देत होती, हाका मारत होती. मला वाईट वाटलं, पण नियम बरोबर आहे. मेंदूचा प्रश्न आहे.

---

टोरेन्सकाठ | ९ एप्रिल २०२२

तिसरं विजेतेपद! मेलबर्नला २९-१६ ने हरवलं. आणि एरिन त्या संघात होती, बरं का चढाईपकड. 'परत थांबावं लागणार का' याचं उत्तर मिळालं.

---

चढाईपकड | १० एप्रिल २०२२

मी त्या दिवशीच सांगितलं होतं.

---

टोरेन्सकाठ | १ ऑक्टोबर २०२२

काल ओव्हलवर अ‍ॅडलेड विरुद्ध पोर्ट अ‍ॅडलेड, मुलींची पहिली 'शोडाउन', म्हणजे शहरातल्या दोन क्लबांची आपसातली लढत. यंदा पोर्टसकट चार नवे संघ आले, आता अठराच्या अठरा क्लबांना मुलींचा संघ आहे. आणि पोर्टची पहिली कर्णधार एरिन फिलिप्स. वडिलांच्या क्लबकडे गेली. आमच्या घरात या निर्णयावरून मे महिन्यात दोन दिवस अबोला होता. लेक म्हणत होती, "ती आपली आहे." मी म्हणत होते, जो क्लब बघत ती लहानाची मोठी झाली, त्याचं दार तिला तेराव्या वर्षी बंद होतं, ते आता उघडलंय तर तिने आत जायचं नाही?

सामना आपण ६० गुणांनी जिंकला. सामन्यानंतर लेक कुंपणाजवळ गेली, अंगात क्रोजची जर्सी. एरिन समोरून मुलींना हात मिळवत येत होती, पोर्टच्या कपड्यात. हिच्यापाशी आली, जर्सीकडे बघितलं, हसली, आणि हिच्या जुन्या चेंडूवर सही केली. सही अर्धी दोरीवर आली आहे.

काल ललितापंचमी होऊन गेली, आज संध्याकाळी मंडळाचा भोंडला आहे. चेंडू सोबत न्यायचा म्हणतेय.

---

चढाईपकड | १ ऑक्टोबर २०२२

आता किती वर्षांची झाली गं? खेळते ना अजून?

---

टोरेन्सकाठ | १ ऑक्टोबर २०२२

मागच्या आठवड्यात तेरा झाली. वाढदिवसाला नवे बूट मागितले. दुकानात मापाला उभी राहिली तर तिचा पाय माझ्यापेक्षा मोठा निघाला. विक्रेत्याने विचारलं, एक माप वाढतं देऊ का, अजून दोन-तीन वर्षं चालतील? ती म्हणाली, "नको, बरोबर मापाचेच द्या. या शनिवारी सराव आहे."